सावली पुसणारी काच

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की दहा-बारा किलोमीटरवर नांदगाव पेठ लागतं. महामार्गावरचा टोलनाका, एमआयडीसीची शेडं, कापडाचे कारखाने आणि त्यांच्याही वर दिसणाऱ्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १३५० मेगावॉट. कंपनीचं नाव आधी इंडियाबुल्स आणि मग रतनइंडिया झालं, तरी इथली जुनी माणसं अजून त्याला 'सोफिया'च म्हणतात. अप्पर वर्धा धरणाचं पाणी शेतीला की या प्रकल्पाला, यावर जिल्ह्यात मोठं आंदोलन झालं होतं. त्या वादाची आठवण या नावाला चिकटून आहे. पलीकडे वस्त्रोद्योग वाढतो आहे. रेमंडचा लिननचा कारखाना २०१७ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पीएम मित्र वस्त्रोद्यान उभारणीची कोनशिला वर्ध्याच्या कार्यक्रमातून बसवली गेली. विजेला आणि कापडाला या गावानं जागा दिली आहे.

या लेखाचा विषय मात्र त्या चिमण्यांच्या छायेतल्या घरांतला उजेड आहे. नीट सांगायचं तर त्या उजेडात पडणारी सावली.

संध्याकाळी सातच्या सुमाराला इकडच्या कोणत्याही घरात डोकावा. स्वयंपाकघराच्या मधोमध छताला एक बल्ब. ओटा भिंतीला लागून. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईच्या पाठीमागे दिवा, आणि तिची स्वतःचीच सावली समोरच्या परातीवर. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडताना त्यातली गवताची काडी दिसत नाही, तांदळातला खडा दिसत नाही, विळीच्या पात्याची धार नेमकी कुठे आहे ते हातालाच कळतं. बाहेरच्या खोलीत पोरगं जमिनीवर वही घेऊन बसलेलं असतं आणि पेनाच्या टोकाशी त्याच्याच मुठीची काळी सावली सरकत असते. यावर घरोघरी एकच उपाय ऐकू येतो: अंधार वाटते तर मोठा बल्ब लाव. नऊ वॉटच्या जागी पंधरा वॉट येतो. खोली उजळते, डोळे दिपतात, आणि सावली होती तिथेच पण आणखी काळी दिसू लागते.

असं का होतं हे समजून घेतल्याशिवाय सावली न पाडणारा दिवा कुणालाच बनवता येणार नाही. सावलीचा काळेपणा दिव्याच्या जोरावर ठरत नाही. तो ठरतो दिव्याच्या आकारावर, अंतरावर आणि भोवतालच्या भिंती-छत किती उजेड परत पाठवतात त्यावर. शाळेत आपण प्रच्छाया आणि उपच्छाया शिकतो, तेही ग्रहणाच्या धड्यात, आणि तिथेच सोडून देतो. पण रोजच्या वहीवर तेच ग्रहण लागत असतं. जिथून दिव्याचा एक कणही दिसत नाही तो भाग काळाकुट्ट. जिथून दिव्याचा थोडा भाग दिसतो तो भाग धूसर. दिवा जितका लहान, तितकी धूसर पट्टी अरुंद आणि सावलीची कडा सुरीसारखी.

सूर्यसुद्धा बिंदू नाही. आकाशात तो अर्ध्या अंशाहून किंचित मोठा दिसतो. म्हणून भर दुपारी दहा मीटर उंचीवरच्या निंबाच्या फांदीची सावली जमिनीवर येईतो तिची कडा सुमारे नऊ सेंटीमीटर पसरलेली असते, आणि जमिनीलगत धरलेल्या काडीची कडा मात्र रेखीव राहते. आषाढात आभाळ भरून आलं की सारं आभाळच दिवा होतं आणि अंगणातल्या सावल्या नाहीशा होतात. उजेड उन्हापेक्षा कितीतरी कमी असतो, तरी सुईत दोरा ओवायला ती वेळ चांगली.

आता खोलीतलं गणित. दिवा वहीपासून २१० सेंटीमीटर वर आहे आणि हात वहीच्या दहा सेंटीमीटर वर आहे असं धरू. साधा बल्ब सहा सेंटीमीटर रुंद. त्याच्या सावलीची धूसर कडा जेमतेम तीन मिलिमीटर भरते. त्याच जागी तीस सेंटीमीटर व्यासाचा दुधी काचेचा गोल टांगला तर ती कडा दीड सेंटीमीटर होते. पेनाची सावली पूर्ण पुसायची तर दिव्याचा व्यास किती हवा? वस्तूची रुंदी गुणिले दिव्याची उंची, भागिले वस्तूची उंची. आठ मिलिमीटरच्या पेनाला सतरा सेंटीमीटर पुरतात, म्हणजे तीस सेंटीमीटरच्या गोलाखाली पेनाची सावली काळी राहतच नाही. पण आठ सेंटीमीटरच्या मुठीला १६८ सेंटीमीटर लागतात. एवढा काचेचा गोल कुणी घरात टांगत नाही.

हे गणित नको असेल तर एक सोपी परीक्षा आहे. वहीच्या जागी डोळा न्यायचा, एक डोळा मिटायचा आणि वर बघायचं. हातानं दिवा पूर्ण झाकला जात असेल तर सावली काळी पडणार. दिवा हाताच्या कडेनं डोकावत असेल तर सावली फिकी होणार. ट्यूबलाइटखाली ही परीक्षा फार छान कळते. चार फुटी ट्यूब एका बाजूनं १२० सेंटीमीटर लांब आणि दुसऱ्या बाजूनं अडीच-तीन सेंटीमीटर जाड. पेन ट्यूबच्या आडवा धरला तर सावली जवळपास गायब, समांतर धरला की ठळक रेघ. एकाच दिव्याखाली, पेन फक्त फिरवून. शाळांमध्ये हा प्रयोग प्रत्येक मुलाला करायला द्यावा असं मला मनापासून वाटतं. त्याला खर्च काही नाही.

दिव्याचा आकार वाढवायचा हे कळलं, की काच येते. काचेचं काम इथे बल्ब झाकणं एवढंच नाही. बल्बचा उजेड स्वतःच्या अंगभर पसरून घेऊन तिनं स्वतः दिवा व्हायचं असतं. हे सगळ्याच काचांना जमत नाही. स्वच्छ पारदर्शक काच दिसायला सुंदर, आत एलईडीच्या तारा दिसणारे फॅशनचे बल्ब तिच्यात खुलतात, पण सावलीच्या बाबतीत ती असून नसून सारखीच. उलट तिला धरणाऱ्या पितळी पट्ट्या, स्क्रू, साखळ्या यांची जाळी भिंतीवर उमटते. घासलेली किंवा आम्लानं खरवडलेली काच थोडं काम करते. तिचा पृष्ठभाग खरखरीत असतो, उजेड थोडासा विखुरतो, पण मधोमध बल्बचा तेजस्वी ठिपका राहतोच, आणि सावली त्या ठिपक्याचीच पडते. खरं काम दुधी काचेचं. काच वितळलेली असताना तिच्यात फ्लोराइडसारखी द्रव्यं घालतात. जुन्या काळी हाडांची राख घालत. थंड होताना तिच्या अंगात अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि आत शिरलेला किरण त्यांच्यावर आपटत आपटत भलत्याच दिशेनं बाहेर पडतो. चांगल्या दुधी गोलात बल्ब कुठे आहे ते ओळखूच येत नाही. गोल सगळीकडून सारखा उजळलेला. मात्र पूर्ण जाडीत दुधी काच उजेड फार खाते, म्हणून कसबी कारागीर स्वच्छ काचेवर दुधी काचेचा पातळ थर चढवून दोन्ही एकत्र फुंकतात.

पॅरिसमध्ये १८९३ साली आन्द्रे ब्लोंदेल आणि स्पिरिदिऑन प्सारुदाकी यांनी वेगळी वाट काढली. काचेवर आतून उभ्या आणि बाहेरून आडव्या लोलकासारख्या रेघा ओतायच्या, म्हणजे उजेड वाया न जाता हव्या त्या दिशेला वळतो. होलोफेन नावानं ती काच जगभर गेली. कल्पना अप्रतिम आहे, पण कापसाच्या तंतूंनी आणि उन्हाळ्यातल्या धुळीनं भरलेल्या वऱ्हाडात त्या रेघा महिन्याभरात बुजतील. इथे गुळगुळीत काचच बरी, ओल्या फडक्यानं पुसली की झालं.

महाराष्ट्राला काचेची आणि दिव्याची परंपरा नाही असं नाही. एकेक पैसा वर्गणी गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी उभा केलेला पैसा फंड, त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला निघालेला काचकारखाना. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या आश्रयानं, ओगले बंधूंचा काचकारखाना. त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं. तिथला 'प्रभाकर' कंदील मराठी मुलखात घरोघरी गेला. परदेशी कंदिलाला देशी पर्याय देण्याची ती जिद्द होती, आणि वीज नव्हती तोवर त्या काचेच्या चिमणीमागच्या ज्योतीवर पिढ्या शिकल्या. आज तो कारखाना बंद आहे.

कंदिलाची एक अडचण त्याच्या रचनेतच होती. तेलाची टाकी खाली, ज्योत वर. दिव्याखाली अंधार ही म्हण पणतीच्या काळापासूनची, पण कंदिलाला ती मोजून लागू पडते. टाकी पंधरा सेंटीमीटर रुंद आणि ज्योत तिच्या बारा सेंटीमीटर वर धरली, आणि असा कंदील जमिनीपासून दीड मीटरवर आढ्याला टांगला, तर खाली सुमारे दोन मीटर व्यासाचं काळं वर्तुळ पडतं. म्हणजे खोलीतली बसायची जागा नेमकी अंधारात. म्हणूनच कंदील खोलीच्या मध्यावर टांगण्यापेक्षा कोनाड्यात, पाटावर, खुंटीला ठेवला जाई आणि अभ्यासाची मुलं त्याच्या भोवती बसत. लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीचीही टाकी खालीच, पण ती डोक्यावर धरून चालायचं असल्यानं उजेड लांब पडला तरी चालत असे.

या अडचणीला त्याहून कितीतरी जुनं उत्तर आपल्या वाड्यांमध्ये आणि दर्ग्यांमध्ये टांगलेलं होतं: हंडी. काचेच्या पात्रात खाली पाणी, त्यावर तेलाचा थर, तेलात वात. ज्योतीखाली जे काही आहे ते सगळं पारदर्शक. उजेड तेलातून, पाण्यातून, काचेतून खाली झिरपतो आणि सावली पडते ती फक्त वात धरणाऱ्या बारीक पट्टीची. तेल संपत आलं तर वात पाण्यात विझते, काच तापून तडकत नाही. छताला टांगलेला, काचेचा, स्वतःची सावली न पाडणारा दिवा म्हणून विचार केला तर हंडीच्या कर्त्यांनी प्रश्नाचा निम्मा भाग शेकडो वर्षांपूर्वी सोडवला होता. दिव्याला धरणारी कोणतीही अपारदर्शक वस्तू दिव्याच्या खाली येता कामा नये.

आजच्या बाजारातले काचेचे दिवे हा नियम सर्रास मोडतात. छताला लागून बसवलेला काचेचा कटोरा बघा. मधून एक सळई खाली येते, तिच्या टोकाला गोल बोंडासारखी चकती, तिनं कटोरा वर दाबून धरलेला. त्या चकतीची सावली बरोबर खाली जेवणाच्या ताटाभोवती पडते. दुसऱ्या प्रकारात कडेनं तीन स्क्रू काच धरतात, आणि भिंतीवर तीन बोटं उमटतात. वरून उघड्या कटोऱ्यात पहिल्या पावसाबरोबर येणारे किडे मरून पडतात. त्यांचा काळा थर तळाशी साचतो, आणि सणाला घर झाडायला काढलं तरच तो निघतो.

बल्ब बदलल्यानंही एक फरक पडला, तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. विजेची बचत मोठी झाली, त्यात शंका नाही. पण जुना तारेचा बल्ब जवळपास सगळ्या दिशांना उजेड टाकायचा. साध्या एलईडी बल्बचा होल्डरकडचा अर्धा भाग प्लास्टिकचं आणि ॲल्युमिनियमचं मानगूट असतो, त्यातून उजेड निघत नाही. होल्डर वर आणि बल्ब खाली असा तो टांगला की छत काळं राहतं. चुन्यानं रंगवलेलं पांढरं छत पडलेल्या उजेडातला सुमारे ८० टक्के भाग परत खाली पाठवतं. तो पाठवायला उजेडच वर गेला नाही, तर खोलीतला सर्वांत मोठा, सर्वांत मऊ दिवा आपण स्वतःच विझवलेला असतो. मुठीची सावली पुसायला १६८ सेंटीमीटरचा दिवा लागतो असं वर निघालं. तेवढा दिवा प्रत्येक पक्क्या घरात आधीच आहे, आणि तो म्हणजे छत.

सावली पुसण्याची विद्या सर्वांत पुढे गेली ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर. अल्जिअर्सच्या लुई वेराँ यांनी १९१९ च्या सुमारास एक दिवा काढला. मध्ये एकच बल्ब, भोवती काचेच्या भिंगाचं कडं, आणि त्याभोवती घुमटासारख्या टोपात तिरपे लावलेले आरसे. बल्बचा उजेड भिंगातून आरशांवर जातो आणि आरसे तो चहूबाजूंनी जखमेवर आणून टाकतात. सर्जननं डोकं वाकवलं तर काही किरण अडतात, बाकीचे येतच राहतात. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात असो की सेवाग्रामच्या, आज ऑपरेशन टेबलावर दिसणारे अनेक एलईडींचे दिवे त्याच विचाराचे वारस आहेत. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. मध्यभागी ४०,००० ते १,६०,००० लक्स उजेड असावा लागतो, आणि सर्जनच्या डोक्याएवढ्या चकत्या आड धरून किती उजेड उरतो ते मोजून बघतात. दिव्याची परीक्षा उजेड मोजून नाही, सावली मोजून घ्यायची, हा विचार घरातल्या दिव्यापर्यंत अजून पोचलेला नाही. खोक्यावर वॉट लिहिलेले असतात, ल्युमेन लिहिलेले असतात. सावलीबद्दल एक अक्षर नसतं.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, आणि ती सांगायला नांदगाव पेठेइतकी योग्य जागा नाही. कापडाच्या तपासणीत सावली वैरी नसते. विणीतली गाठ, उचललेला धागा, जाड-बारीक पट्टा शोधायचा तर उजेड कापडावर अगदी तिरपा टाकावा लागतो, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची बारीक सावली पडते आणि दोष डोळ्यात भरतो. रंग जुळवताना मात्र मऊ, सगळीकडून सारखा उजेड लागतो. जुन्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं उत्तरेकडे काचा करून बांधत ती यासाठीच. आपल्या अक्षांशावर उत्तरेकडून थेट ऊन कमीच येतं, येतो तो मुख्यतः आभाळाचा पसरलेला उजेड. घरातही तसंच. सावली अजिबात नसलेल्या खोलीत पायरीची कडा दिसत नाही, माणसाचा चेहरा सपाट होतो, म्हाताऱ्या माणसाला उंबरा अडखळवतो. दिव्यानं सावली फिकी करावी, मऊ करावी. काळी राहू देऊ नये, एवढंच.

मग नांदगाव पेठेतल्या बारा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीसाठी दिवा कसा असावा? तीस सेंटीमीटरचा दुधी गोल, तळाला पूर्ण बंद, फक्त वर एक गळा. गळ्याला आतून आटे, आणि ते फिरवून पत्र्याच्या पांढऱ्या टोपात बसणारे. म्हणजे खाली सळई नाही, स्क्रू नाही, बोंड नाही, आणि किड्यांना जाळी लावलेल्या बारीक छिद्रांखेरीज वाट नाही. ती छिद्रं बंद करायची नाहीत, कारण मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो आणि बंद गोलात एलईडीचा ड्रायव्हर तापून लवकर जातो. बल्ब आत खालच्या दिशेनं टांगू नये. दोन लहान बल्ब आडवे, एकमेकांकडे पाठ करून लावावेत, म्हणजे एकाच्या होल्डरची सावली दुसरा पुसतो आणि गोलाचा वरचा भागही उजळून छताला उजेड मिळतो. काच तीन मिलिमीटर जाड धरली तर गोल दोन किलोच्या थोडा वर भरतो. त्याचा हुक स्लॅबच्या काँक्रीटमध्ये हवा, पीओपीच्या पडद्यात नाही, आणि सोबत एक सुरक्षेची साखळी.

दिवा किती उंचीवर टांगायचा हे वऱ्हाडात पंखा ठरवतो. पंख्याशिवाय इथे घर नाही. पंख्याची पाती छतापासून साधारण एक फूट खाली फिरतात. दिवा छताला चिकटवला तर तो पात्यांच्या वर येतो, आणि सारी संध्याकाळ भिंतीवर, वहीवर फिरत्या पात्यांची लुकलुक चालते. बारा-बारा तास कूलर-पंख्याखाली राहणाऱ्या घराला तो छळ आहे. गोलाचा मध्य जमिनीपासून अडीच मीटरवर आणला की पात्यांची सावली खाली पडणंच शक्य नाही. ती वर छताकडे जाते, आणि दिवा पंख्यापासून जरा लांब असेल तर तिथेही जाणवण्याइतकी राहत नाही. एका मोठ्या गोलापेक्षा पंख्याच्या दोन बाजूंना दोन गोल उत्तम. मग हात कुठेही असला तरी एका गोलानं पाडलेल्या सावलीत दुसऱ्याचा उजेड पोचतो, आणि दोघांपासूनचं अंतर सारखं असेल तर सावलीतला उजेड निम्म्याखाली जात नाही.

टिनाच्या घरात हे सगळं जसंच्या तसं चालणार नाही, कारण वर परत पाठवणारं पांढरं छत नाही. तिथे पत्र्याच्या आतल्या बाजूला पांढरा रंग दिला तरी मोठा फरक पडेल, आणि तो घरातल्या माणसांना स्वतःच्या हातानं देता येतो.

ओट्याशी उभ्या असलेल्या बाईचा प्रश्न यातला कोणताही गोल सोडवत नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. तिच्या शरीराची रुंदी चाळीसेक सेंटीमीटर आणि दिवा पाठीमागे. कितीही मोठी दुधी काच लावा, ओटा तिच्या छायेत राहणारच. तिथे दिवा तिच्या समोर हवा, वरच्या फळीच्या किंवा कपाटाच्या खाली, काचेची पट्टी पुढे लावून, म्हणजे डोळ्यात खुपणार नाही. अभ्यासाच्या मुलालाही वेगळा दिवा हवा. शाळेच्या वर्गासाठी भारतीय मानक सुमारे ३०० लक्स सांगतं, आणि घरातले दोन गोल मिळून त्याच्या आसपासही पोचत नाहीत. तो दिवा उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या डावीकडे, डावखुऱ्याच्या उजवीकडे. घर बांधताना ही दोन ठिकाणं वायरमनला आधी दाखवली तर फक्त थोडी जास्त पट्टी आणि दोन बटणं लागतात. नंतर भिंत फोडावी लागते.

असा गोल कुठे मिळेल? फुंकून केलेली काच देशात मोठ्या प्रमाणावर फिरोजाबादला होते. ताजमहालाच्या प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ३० डिसेंबर १९९६ ला निकाल दिला, आणि तिथल्या भट्ट्या कोळशावरून नैसर्गिक वायूकडे गेल्या. लोखंडी साचा पाठवला की कारागीर त्यात फुंकणीनं गोल फुंकून देतात, आणि तो भट्टीत हळूहळू थंड करतात. घाईनं थंड केलेला गोल पहिल्याच उन्हाळ्यात तडकू शकतो, म्हणून हा टप्पा वगळू द्यायचा नाही. साच्याचा एकदाच होणारा खर्च पुष्कळ गोलांवर वाटला गेला तर एकेक गोल परवडतो. वरचा पत्र्याचा टोप, त्याची पावडर कोटिंग, जाळी आणि आटे बसणारी कडी ही कामं नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत होऊ शकतात. अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. एका वर्षाच्या प्रकल्पात तिथल्या मुलांना असा दिवा करून, आठ सेंटीमीटरची चकती वहीच्या दहा सेंटीमीटर वर धरून, लक्समीटरनं सावलीतला उजेड मोजून त्याचा आकडा खोक्यावर छापता येईल.